अहल्याअक्काची दांड्याची सायकल

आमच्या घरात माणसं तीन, सायकल एक आणि भांडणं सगळी त्या सायकलवरून. मी, माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण अहल्याअक्का. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ‘हे म्हणाले’ आणि ‘हे चिडले’ करत बसले तर वाचणाऱ्याला काही उमगायचं नाही, तेव्हा सरळ सांगते, रघुपती. सायकल अक्काची. तुम्ही म्हणाल, त्यात भांडण्यासारखं काय? पुण्यात मी स्वतः सायकलवरून कॉलेजला जात होते आणि कुणी मान वळवून बघत नव्हतं. पण अक्काची सायकल बायकांची नव्हतीच. पुरुषांची होती ती, मधे आडवा दांडा असलेली, काळी, जड आणि घडवंचीसारखी ताठ.

रघुपतीचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आलं आणि इथलंच झालं. मी छप्पन साली लग्न होऊन बंगळुरात आले, तेव्हा कितीतरी दिवस मला माझीच भाषा कळत नव्हती. भाऊ तो अण्णा, बहीण ती अक्का, थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. पहिल्याच आठवड्यात अक्कानं मला परसात नेलं, सायकलच्या दांड्यावर थाप मारली आणि म्हणाली, “बघ विद्या, किती गट्टी आहे!” मला वाटलं, हिची सायकलशी गट्टी जमलीय. बिचारी! बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी तोंड फिरवलं, आता सायकलशी गट्टी करते. माझे डोळे भरून आले. मग जेवताना रघुपतीनं सांगितलं की कानडीत गट्टी म्हणजे मजबूत. डोळे फुकटच भरून आले होते.

अक्का देवीची लस टोचायचं काम करायची. दवाखान्यातून लशीचा डबा घ्यायचा, पाठीला बांधायचा आणि आगरच्या तळ्यापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर जायचं. त्या बाजूला रस्ता म्हणून काही नव्हताच. तळ्याचा बांध, भातखाचरांच्या कडा, मग बैलगाडीची चाकोरी आणि शेवटी उघडा कातळ. पुरुष टोचणारे तिकडे जायचं टाळत. गेले तरी आतल्या बायका त्यांच्यापुढे दंड उघडा करत नसत. अक्का गेली की पोरं ‘सूजी अक्का, सूजी अक्का’ करत आधी पळत आणि मग परत येत. सूजी म्हणजे सुई.

ती सायकल तिनं के. आर. पुरम स्टेशनातल्या एका गँगमनकडून घेतली होती. घेतल्यावर तिनं काय करावं? मडगार्ड काढले. चेनवरचं कव्हर काढलं. कॅरियर काढला, स्टँड काढला, घंटीसुद्धा काढली. नागोजीच्या सायकलच्या दुकानातून ओझ्याच्या सायकलीचे जाड टायर आणून बसवले. उरलं काय, तर दोन चाकं, पोलादाचा सांगाडा आणि ब्रेकच्या सळ्या. लोक संसारात भर घालतात, आमच्या अक्कानं काढून काढून सायकल केली.

आणि त्या दांड्यावरून ती टांग टाकायची ती नऊवारी नेसून! हसू नका. मीही हसले होते. पाचवारी नेसून दांड्याच्या सायकलवर बसणं शक्य नाही, निऱ्या आड येतात आणि पदर चेनमध्ये जातो. पण कासोटा घातलेली बाई खुशाल टांग मारते. आमची अख्खी पिढी नऊवारी सोडून पाचवारीत आली ती सुधारली म्हणून. अक्का मागे राहिली म्हणून तिला ती सायकल चालवता आली. हे मी नव्या जयनगरातल्या बायकांना सांगायला गेले तर त्या माझ्याकडेच संशयानं बघायला लागल्या.

आम्ही नुकतंच कॉटनपेटेतलं घर सोडून जयनगरात बांधलं होतं. रस्ते आखलेले, सरळ, घरं कमी आणि साप जास्त. कॉटनपेटेत अक्काला सगळे लहानपणापासून ओळखत, कुणाला तिचं नवल नव्हतं. इथे सगळे नवे. कुणी बँकेतले, कुणी सचिवालयातले. अक्का सकाळी निघाली की गॅलऱ्या भरायच्या. रघुपती तेवढ्यात वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचा. त्याला बहिणीची माया नव्हती असं नाही. पण त्याला लाज फार, आणि लाजेनं माणूस जेवढं वाकडं वागतो तेवढं द्वेषानंही वागत नाही.

एकदा मी हट्टच धरला की मलाही ती चालवून बघायची आहे. अक्कानं मला तळ्याच्या बांधावर नेलं, झाडाआड नऊवारी नेसवली आणि सायकल हातात दिली. पहिले चार हात अंतर मला रडू येईल असं वाटलं. पुण्याच्या माझ्या सायकलीला सीटखाली स्प्रिंगा होत्या, खड्डा आला तरी बोचत नसे. हिला काहीच नाही. जो दगड चाकाखाली आला तो थेट तळहातात आला. मग जरा वेळानं लक्षात आलं की मी खाली बघतच नाहीये. कुठे वाळू आहे, कुठे ओल आहे, कुठे मुळी आडवी आलीय, ते हातांना आधी कळत होतं आणि मला नंतर. कसला खडखडाट नाही, कुरकुर नाही, फक्त चेनचा आवाज. चढ आला तेव्हा उभी राहून पाय मारले, तर पायातला सगळा जोर चाकात उतरला, कुठे मधेच जिरला नाही. वर पोचले तेव्हा धापा टाकत होते आणि मोठ्यानं हसत होते. लग्नानंतर इतक्या मोठ्यानं मी हसलेच नव्हते.

“कळलं?” अक्कानं विचारलं.

“काय कळलं?”

“ती काही लपवत नाही,” एवढंच बोलून तिनं सायकल परत घेतली.

बोलण्यात अक्का अशीच कंजूष. याच तिच्या सवयीचा मला पुढे संताप संताप झाला.

आमच्या वरच्या मजल्यावर श्रीकांत म्हणून भाडेकरू होता. सोलापूरचा, पुण्यात इंजिनियर झालेला, विमानांच्या कारखान्यात कामाला. मुलगा स्वभावानं सोन्यासारखा, पण दिसेल ती वस्तू सुधारल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. माझ्या शेगडीला त्यानं पंखा बसवला होता, तेव्हापासून ती पेटत नव्हती. अक्काच्या सायकलकडे तो रोज बघायचा, एखाद्या वैद्यानं खोकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

“वहिनी, बेसिकली ही फ्रेम रिजिड आहे,” तो मला सांगायचा. “शॉक अ‍ॅब्सॉर्बच होत नाही. सगळा लोड अक्कांच्या मणक्यावर येतो. सीटला स्प्रिंगा पाहिजेत, गियर पाहिजे, आणि लेडीज फ्रेम तर मस्टच.”

त्याचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. अक्काची पाठ दुखायचीच. पण अक्काला विचारलं तर ती म्हणायची, “बेडा.” म्हणजे नको. का नको, ते नाही. पालथ्या घड्यावर पाणी! मी तिला म्हणायची, अक्का, त्याला नीट समजावून सांग, नाहीतर ही दोघं मिळून काहीतरी करून ठेवतील. ती चाकाचे आरे पुसत राहायची.

आणि त्यांनी केलंच. त्रेसष्टच्या पाडव्याला, म्हणजे यांच्या युगादीला. सकाळी तेल लावून न्हाणं झालं, कडुनिंब-गूळ खाऊन झाला, आणि रघुपती म्हणाला, “अक्का, परसात ये.” तुळशीपाशी एक हिरवी सायकल उभी होती. लेडीज. हँडलला आंब्याच्या पानांचं तोरण. पुढे टोपली, मागे जाळी, चेनला पेटीसारखं कव्हर, दोन मडगार्ड, दिवा, घंटी आणि सीटखाली दोन भल्यामोठ्या स्प्रिंगा. काळी सायकल गायब. ती आदल्या दिवशी नागोजीच्या दुकानात गेली होती, बदल्यात.

श्रीकांत जिन्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. रघुपतीचा चेहरा इतका आनंदी मी क्वचितच पाहिला होता. आता तो वर्तमानपत्राशिवाय गॅलरीत बसू शकणार होता.

मी अक्काकडे बघितलं. म्हटलं, बोल आता. एकदा तरी बोल. आदळआपट कर, रड, काहीतरी कर. अक्कानं हिरव्या सायकलच्या दांड्यावर हात ठेवायला नेला, तर तिथे दांडाच नव्हता. हात तसाच खाली आला.

“सरी,” ती म्हणाली.

मी दिवसभर भांडी आपटली. रघुपतीला म्हटलं, तिची वस्तू तिला न विचारता दिलीच कशी? तो म्हणाला, “अगं, तिनंच सरी म्हटलं ना?” अक्काला म्हटलं, तू सरी का म्हणालीस? ती म्हणाली, “रघूनं हौसेनं आणली, होगली बिडी.” म्हणजे जाऊ दे. या घराण्यानं तीनशे वर्षांत कानडीतून दोनच गोष्टी मनापासून घेतल्या, सरी आणि होगली बिडी. माझं डोकं फिरलं होतं, पण सायकल माझी नव्हती. जिची होती तीच गप्प, तर मी कुणाच्या वतीनं भांडायचं?

हिरवी सायकल डांबरी रस्त्यावर छान चालायची. पण तळ्याच्या बांधावर चढली की मडगार्डात चिखल ठासायचा आणि चाक अडायचं. कातळावर स्प्रिंगा अक्काला उडवायच्या आणि वाकडी फ्रेम वळवळायची. मग ती उतरून ढकलत जायची. ढकलत गेलं की उशीर, उशीर झाला की शेवटच्या वस्त्या राहायच्या. त्यातली सगळ्यात लांबची कल्लहळ्ळी. चैत्रात तिथे तिची फेरी ठरलेली असायची. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या पोरांना तेव्हा लस मिळायची. त्या वर्षी चैत्र गेला, वैशाख आला, फेरी झाली नाही. अक्का जेवताना म्हणायची, “कल्लहळ्ळी राहिली बघ.” रघुपती म्हणायचा, पुढच्या महिन्यात जा. मी म्हणायची, नागोजीकडून आपली सायकल आण. ती म्हणायची, “बघू स्वल्प दिवस.”

वैशाखात एका रविवारी आम्ही तिघं कॉटनपेटेत एका नातेवाइकाच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. परत आलो तर श्रीकांत फाटकातच उभा.

“अक्का, तुमच्या आई आल्यात,” तो म्हणाला. “म्हणजे इथे नाही, पण आल्यात. एक जण सांगायला आला होता. धोतर, खांद्यावर कांबळं. अक्कांना सांगा म्हणाला.”

श्रीकांतला बंगळुरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि कानडी मंडईपुरतीच येत होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अक्काची आई, म्हणजे माझी सासू, मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेली. मग आई कुठली?

रघुपतीनं एका क्षणात ताडलं. “तुझ्या सासूबाई! हासनहून आल्या असणार. त्यांच्या घरी त्यांना सगळे अम्माच म्हणतात. शेतावरच्या गड्याला पाठवलं असेल.”

अक्का पायरीवर बसली. नवरा गेल्यावर त्या बाईनं अक्काचं तोंड बघितलं नव्हतं. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून माहेरी पाठवून दिली होती. एवढ्या वर्षांत एक निरोप नाही. आणि आता त्या आल्या होत्या, अक्काला सांगा म्हणत होत्या.

“कुठे उतरल्यात?” अक्कानं विचारलं. श्रीकांतला माहीत नव्हतं. “परत येणार म्हणाला का?” तेही त्याला नीट कळलं नव्हतं.

एरवी अक्का इतकी तल्लख की लस न टोचलेलं मूल मोठ्या भावाच्या सदऱ्यात लपलेलं तिला कळायचं. पण त्या दिवशी तिनं पुढे काही विचारलं नाही. तिला ते खरं असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून तिनं सासूला आवडतात म्हणून खोबऱ्याच्या पुरणाच्या पोळ्या केल्या आणि ओसरीवर बसली. फाटक वाजलं की उठायची. दूधवाला आला, उठली. पोस्टमन आला, उठली. संध्याकाळी पोळ्या मी झाकून ठेवल्या. रघुपती म्हणाला, उद्या येतील, म्हातारं माणूस आहे. मला त्या न आलेल्या बाईचा इतका राग आला की समोर असती तर काय बोलले असते देव जाणे.

मंगळवारी सकाळी श्रीकांत कारखान्यात जायला जिना उतरला. अक्का ओसरीवरच होती.

“काय अक्का, आल्या का अम्मा?” त्यानं विचारलं. “तो माणूस तर सारखा तेच. अम्मा बंदवळे, अम्मा बंदवळे. हात जोडून.”

“बंदवळे म्हणाला?” अक्का म्हणाली.

“हो. बंदवळे म्हणजे आली ना?”

“आली. आल्या नाही.” अक्का उठून उभी राहिली होती. “सासूबाईंना शेतावरचा गडी अगंतुगं करील काय रे? आणि हात कशाला जोडील?”

मला काही समजेना. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “विद्या, तुमच्यात देवी आल्या म्हणतात ना, तसं इथे अम्मा आली म्हणतात. देवीचं नाव घेत नाहीत. तो कल्लाप्पा होता. कल्लहळ्ळीत देवी निघाल्यात.”

श्रीकांतच्या हातातला डबा पायरीवर पडला. “देवी म्हणजे स्मॉलपॉक्स?” तो म्हणाला. “पण तो आई म्हणाला! अम्मा म्हणजे आईच ना?”

कल्लाप्पा कल्लहळ्ळीतला जाणता माणूस. त्याच्याच ओसरीवर बसून अक्का गावाला टोचायची. त्याच्या सुनेला फाल्गुनात मुलगी झाली होती, चैत्राच्या फेरीत टोचू असं अक्कानं सांगून ठेवलं होतं. ते सगळं तिनं मला केस बांधता बांधता सांगितलं. “लागण झाल्यावर चटकन टोचलं तर वाचतात गं,” ती म्हणाली. “चटकन टोचलं तर.” आणि हिरवी सायकल काढून, दवाखान्यातून लस घ्यायला गेलीसुद्धा.

आदल्या रात्री वळवाची मोठी सर झाली होती. बांधावर काय चिखल असेल ते मला दिसत होतं. मी रघुपतीला म्हटलं, “नागोजीकडे जा आणि तिची सायकल घेऊन तिच्या मागे जा.” तो म्हणाला, “माझं ऑफिस आहे. आणि मला कुठे चालवता येते?” खरं होतं ते. बहिणीला सायकल शिकवणाऱ्या बापानं या मुलाला काही शिकवलं नव्हतं. मी चपला पायात सरकवल्या आणि अक्काचं एक लुगडं काखेत मारून निघाले.

नागोजीच्या दुकानात ती छताला टांगलेली होती.

“विकली नाहीस?” मी विचारलं.

“कोण घेणार वैनी? मडगार नाही, घंटी नाही,” नागोजी म्हणाला. “वर्ती गट्टी एवढी की उचलताना कंबर मोडते. काढू काय?”

“काढ. आणि तुझ्या बायकोला बोलाव, मला आत लुगडं नेसायचंय.”

बाहेर आले ती कासोटा घालून. नव्या जयनगरातून भर सकाळी, बँकवाल्यांच्या आणि सचिवालयवाल्यांच्या गॅलऱ्यांखालून, दांड्यावरून टांग टाकून गेले. कोण काय म्हणालं मला माहीत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, हे सगळं करायला लागायचं काही कारणच नव्हतं. एकानं न विचारता सायकल दिली. दुसऱ्यानं न कळता भाषांतर केलं. तिसरी सरी म्हणत राहिली. तिघंही भली माणसं. भल्या माणसांचा राग फार वाईट, कुणाच्या अंगावर टाकावा तेच कळत नाही.

तळ्याच्या बांधावर ती दिसली. हिरव्या सायकलचं पुढचं चाक मडगार्डात ठार अडकलं होतं आणि ती काठीनं चिखल उकरत होती. चेनच्या पेटीतून लाल पाणी गळत होतं. मी जवळ जाऊन उतरले. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या कासोट्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. काठी टाकली, पाठीवरच्या डब्याचा पट्टा आवळला आणि टांग टाकून गेली. खाचरांच्या कडेवरून, चाकोरीतून, मग कातळावर उभी राहून पाय मारताना दिसली आणि दिसेनाशी झाली. इतकं सुंदर कुणी काही करताना मी पाहिलं नाही, आणि तेव्हा मला ते बघून नुसतं रडू येत होतं.

हिरवी सायकल मला खेचत घरी आणावी लागली. चाक फिरत नव्हतं, म्हणून पुढची बाजू उचलून. ती जाळी, ती टोपली, त्या स्प्रिंगा. वाटेत मी तिला मराठीत आणि कानडीत येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

संध्याकाळी रघुपती म्हणाला, “शेजारचे विचारत होते, तुमच्या मिसेस सकाळी...” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तुला कुणी काय विचारलं त्याच्याशी मला कर्तव्य नाही,” मी म्हटलं, जन्मात पहिल्यांदा एकेरीत. “तिकडे काय झालंय ते अक्का आल्यावर तिला विचार. आणि विचारायची हिंमत नसेल तर वर्तमानपत्र वाच.” पुढे त्यानं सायकलचा विषय कधी काढला नाही. चांगुलपणानं की भीतीनं, ते मी विचारलं नाही.

अक्का कल्लहळ्ळीतच राहिली. आठवड्यानंतर आली. चेहरा कोळपलेला. गावातली सगळी पोरं तिनं टोचली होती, बहुतेक वाचली. दोघांना पुरळ आलं पण हलकं. कल्लाप्पाची नात मात्र गेली.

“रविवारी टोचली असती तर?” मी विचारलं.

“काय ठाऊक.”

“चैत्रात टोचली असती तर?”

अक्कानं पाय धुवायला घेतले. “चैत्रात टोचली असती तर वाचली असती,” ती म्हणाली. हे तिनं रघुपतीला कधी सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. मी किती भांडले! तिची सायकल तिला परत मिळाली होती, ती पुन्हा रोज कासोटा घालून निघत होती, गॅलऱ्या पुन्हा भरत होत्या. पण कुणी चूक कबूल केली नाही, कुणी तिची क्षमा मागितली नाही, आणि तिलाही ती नकोच होती. मला हवी होती. ते कुणाला कळलं नाही.

मार्गशीर्षात एका रविवारी कल्लाप्पा आला. डोक्यावर अवऱ्याच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांची टोपली, नुकत्याच तोडलेल्या, वासानं सगळं फाटक भरून गेलं. मी अक्काला हाक मारायला वळले तर तो म्हणाला, अक्कासाठी नाही, वरच्या सायबांसाठी. श्रीकांतला मी खाली बोलावलं. त्या मंगळवारनंतर तो आमच्याशी धड बोलत नव्हता. त्यानं एक मास्तर ठेवून कानडी शिकायला सुरुवात केली होती, पण कल्लाप्पाची खेड्यातली बोली त्याला झेपत नव्हती.

कल्लाप्पानं टोपली त्याच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलला. श्रीकांतनं माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, काय म्हणतोय तो?”

मला तोवर कानडी चांगली यायला लागली होती. अक्का ओसरीवर लशीचा डबा पुसत बसली होती. तिनं मान वर केली आणि नकारार्थी हलवली, अगदी स्वल्प. मी बघितलं ते. पण या घरात एकदा तरी कुणीतरी एखादी गोष्ट जशी आहे तशी सांगायला हवी होती.

“तो म्हणतोय,” मी म्हटलं, “घरचं लेकरू गेलं ते अम्मानं नेलं, तिच्यापुढे कुणाचं चालतं? पण तुम्ही निरोप लागलीच पोचवलात म्हणून गावातली बाकीची पोरं वाचली. परका माणूस, भाषा येत नाही, तरी पोचवलात. म्हणून नव्या शेंगा पहिल्यांदा तुम्हाला.”

कल्लाप्पा श्रीकांतच्या तोंडाकडे बघत होता, साहेबांना आवडलं की नाही म्हणून. मग श्रीकांत खाली वाकला आणि टोपली उचलायला गेला, पण ती त्याच्यानं उचलेना. कल्लाप्पानं हसून ती स्वतः उचलली आणि त्याच्यामागून जिना चढायला लागला.